ताजे डाळिंब निवडणे, सोलणे आणि खाणे: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

डाळिंब हे न कापताच पारखावे लागणारे फळ आहे. केळे किंवा पेरू हातात घेतला की रंग, वास आणि मऊपणा यांवरून त्याची अवस्था कळते. डाळिंबाची साल मात्र जाड, चामड्यासारखी आणि जवळजवळ बिनवासाची असते. त्यामुळे आतल्या दाण्यांचा अंदाज बांधताना बहुतेक जण सालीच्या लाल रंगावर विसंबतात आणि पुष्कळदा फसतात. पुढील उत्तरांत रंगापेक्षा फळाचे वजन आणि सालीचा ताण यांना अधिक महत्त्व दिले आहे, आणि त्याची कारणेही सांगितली आहेत.

पिकलेले, रसाळ डाळिंब बाहेरून कसे ओळखावे?

साधारण एकाच आकाराची दोन फळे दोन हातांत घ्यावीत आणि तळहातांवर थोडी वरखाली करून पाहावीत. त्यांतले एक फळ आकाराच्या मानाने जड लागेल, तेच घ्यावे. डाळिंबाच्या दाण्याचा बहुतांश भाग रसच असतो, म्हणून जड फळ म्हणजे भरलेले दाणे, आणि हलके फळ म्हणजे पोचट दाणे, जाड साल किंवा आत सुरू झालेला बिघाड, असे बहुतेक वेळा असते.

दुसरी खूण आकाराची. कोवळे डाळिंब चेंडूसारखे गुळगुळीत गोल असते. पिकत असताना दाणे रसाने फुगतात, सालीला आतून रेटतात, आणि त्यामुळे फळाच्या बाजू किंचित चपट्या होऊन त्यांच्यामध्ये बोथट कंगोरे उठतात. फळावरून अंगठा फिरवला की हे कंगोरे डोळ्यांपेक्षा बोटांना आधी कळतात. ज्या फळाला असे किंचित कोन आले आहेत, ज्याची साल ताठ आहे आणि दाबल्यावर कोठेही आत जात नाही, ते फळ सहसा निराश करत नाही. एखादी जागा मऊ लागली, तर फळ कितीही देखणे असले तरी ते बाजूला ठेवावे.

फळावर टिचकी मारून येणाऱ्या आवाजावरून पक्वता ओळखावी, असेही सांगितले जाते. पिकलेल्या फळातून धातूसारखा नाद येतो हे खरे असले, तरी तो ओळखायला पुष्कळ फळांचा सराव लागतो. कधीमधी डाळिंब घेणाऱ्याने वजनावरच भरवसा ठेवावा, असे माझे मत आहे.

साल जितकी लाल, तितके डाळिंब गोड असते का?

नाही. सालीचा रंग मुख्यतः वाणावर अवलंबून असतो. काही वाणांची साल पिकल्यावर गडद लाल होते, तर काहींची पिवळसर, हिरवट किंवा फिकट गुलाबीच राहते, आणि अशा फिक्या सालीच्या आतही अतिशय गोड दाणे असू शकतात. भारतातील ‘भगवा’ हा वाण केशरी लाल, चकचकीत सालीसाठी आणि लाल दाण्यांसाठी ओळखला जातो. भारतातच रुजलेल्या ‘गणेश’ वाणाची साल पिवळसर गुलाबी आणि दाणे फिकट गुलाबी असतात, तरीही ते गोड आणि मऊ बियांचे असतात. स्पेनमधील ‘मोलार दे एल्चे’ हाही दिसायला फिका, पण खायला गोड. याउलट अमेरिकेत मोठ्या प्रमाणावर पिकणारा ‘वंडरफुल’ बाहेरून आणि आतून गडद लाल असूनही चवीला स्पष्ट आंबटगोड असतो.

लाल रंग अँथोसायनिन या रंगद्रव्यांमुळे येतो, तर चव ठरते ती साखर आणि सायट्रिक आम्ल यांच्या प्रमाणावरून. या दोन गोष्टी एकमेकींवर अवलंबून नाहीत. कडक उन्हाळ्यात पिकलेल्या फळात अँथोसायनिन कमी तयार होत असल्याने त्याच वाणाचे दाणे फिके निघतात. तेवढ्यावरून फळ कच्चे होते असे समजू नये. रंगाचा उपयोग एकाच वाणाच्या, एकाच ढिगातल्या फळांची तुलना करताना होतो. इतर सर्व फळांनी रंग धरला असताना त्यांत एखादे हिरवट राहिले असेल, तर ते लवकर तोडलेले असण्याची शक्यता अधिक.

कच्चे डाळिंब घरी ठेवले तर पिकते का?

पिकत नाही. आंबा, केळे किंवा पपई ही फळे झाडावरून उतरवल्यानंतरही पिकत राहतात. डाळिंब त्या गटातले नाही. त्यात नंतर साखरेत रूपांतरित होईल असा पिठूळ साठा नसतो. तोडणीच्या दिवशी ते जितके गोड असते, तितकेच राहते. फार तर साठवणीत आंबटपणा थोडा उतरतो आणि ते आधीपेक्षा गोड भासते. फळ तांदळात पुरून, कागदात गुंडाळून किंवा केळ्यांजवळ ठेवून काहीही साधत नाही. फुलापासून पक्व फळ होण्यास वाण आणि हवामानानुसार साधारण पाच ते सात महिने लागतात, आणि जे काही घडायचे ते या काळात झाडावरच घडते. म्हणूनच या फळात निवडीला एवढे महत्त्व आहे.

सालीवरील डाग, ओरखडे आणि भेगा यांपैकी कशाकडे दुर्लक्ष करावे आणि कशाकडे करू नये?

वाऱ्याने फांदी घासून आलेले तपकिरी, कोरडे, खरखरीत ओरखडे केवळ सालीपुरते असतात. अशी फळे दिसायला ओबडधोबड, पण आतून बहुधा निर्दोष असतात, आणि नेटक्या फळांपेक्षा कमी भावात मिळत असतील तर खुशाल घ्यावीत. एका बाजूला मोठा, कडक, तपकिरी किंवा काळपट चट्टा असेल, तर ते फळ उन्हाने करपलेले आहे. त्या चट्ट्याखालील दाणे फिके किंवा कोरडे निघतात. बाकीचे फळ खाता येते.

तेलकट दिसणारे काळे डाग आणि त्यांच्या मधोमध चांदणीसारखी किंवा इंग्रजी ‘वाय’ अक्षरासारखी पडलेली चीर ही जिवाणूजन्य करपा, म्हणजेच शेतकरी ज्याला तेल्या म्हणतात त्या रोगाची खूण आहे. हा रोग झाडाचा आहे, माणसाला त्यापासून अपाय होत नाही. परंतु चिरेतून नंतर बुरशी शिरते, म्हणून असे फळ विकत घेण्यात अर्थ नाही. लहानसे गोल भोक दिसले, विशेषतः त्याच्या तोंडाशी भुकटीसारखी विष्ठा चिकटलेली असली, तर फळ पोखरणारी अळी आत गेलेली आहे असे समजावे.

तडकलेल्या फळाविषयी मात्र सरसकट निर्णय देता येत नाही. पाण्याचा बराच ताण पडल्यानंतर एकदम भरपूर पाणी मिळाले की दाणे वेगाने फुगतात आणि साल तितकी ताणू न शकल्याने फुटते. नुकते तडकलेले पक्व फळ गोडीला उत्तम असू शकते, पण ते त्याच दिवशी संपवले पाहिजे. भेगेतले दाणे सुकलेले, काळवंडलेले किंवा आंबूस वासाचे असतील, तर ते घेऊ नये.

फळाच्या टोकावरचा मुकुट पाहून काही कळते का?

हा मुकुट म्हणजे फुलाच्या निदलपुंजाचा टिकून राहिलेला भाग होय. त्यात डोकावून पाहण्याची सवय लावून घ्यावी, कारण पिठ्या ढेकूण, कोळिष्टक, धूळ आणि बुरशी यांना लपायला फळावर हीच जागा असते. आत करडी किंवा काळी लव दिसली, तर फळ सोडून द्यावे. मुकुटाची टोके बाहेर वळलेली आहेत की मिटलेली, यावरून गोडी ठरवण्याची पद्धत बरीच प्रचलित आहे. वाणावाणांत मुकुटाची ठेवणच वेगळी असल्यामुळे मी तिला फारसे महत्त्व देत नाही.

मोठे फळ घ्यावे की लहान?

आकाराचा गोडीशी संबंध नाही. मोठ्या फळात सालीच्या मानाने दाणे थोडे अधिक मिळतात आणि सोलण्याचे कष्ट वसूल होतात, एवढाच फरक. एकट्याने खायचे असेल, तर मध्यम आकाराचे जड फळ सोयीचे पडते.

डाळिंबाचा हंगाम कोणता?

उत्तर गोलार्धातील समशीतोष्ण प्रदेशांत मुख्य तोडणी सप्टेंबरपासून हिवाळ्याच्या सुरुवातीपर्यंत चालते, तर दक्षिण गोलार्धात ती साधारण मार्च ते मे या काळात होते. उष्ण प्रदेशांत झाडाला पाण्याचा ताण देऊन हव्या त्या हंगामात बहर धरता येतो, म्हणून तेथे वर्षाच्या निरनिराळ्या काळात ताजी फळे मिळतात. त्याशिवाय नियंत्रित तापमानात साठवलेली फळेही हंगामानंतर दोन-तीन महिने येत राहतात.

फळ बाहेरून चांगले दिसत होते, पण आत काळे निघाले. असे का होते, आणि उरलेले दाणे खावेत का?

डाळिंबातील सर्वांत चीड आणणारा दोष हाच, कारण तो अगदी काळजीपूर्वक निवड करणाऱ्यालाही चकवतो. आल्टर्नेरिया नावाची बुरशी फुलोऱ्याच्या काळातच फुलातून आत शिरते, बराच काळ निपचित राहते आणि फळ पिकू लागल्यावर गाभ्यातील दाणे काळे करू लागते. साल टणकच राहते. बाहेरून मिळणारी चिन्हे एवढीच, की असे फळ आकाराच्या मानाने हलके लागते आणि त्याचा रंग शेजारच्या फळांपेक्षा थोडा वेगळा, निस्तेज किंवा अकाली गडद दिसतो. वजनावर एवढा भर देण्याचे हेही एक कारण आहे.

काळी भुकटी, लव किंवा कुबट वास आढळला, तर कडेचे दाणे चांगले दिसले तरी फळ टाकून द्यावे, कारण बुरशीने तयार केलेली द्रव्ये रसाबरोबर डोळ्यांना दिसतात त्याहून पुढे गेलेली असू शकतात. बुरशी मुळीच नसताना दाणे केवळ तपकिरी, मऊ आणि बेचव झालेले असणे हा प्रकार निराळा आहे. तो बहुधा फळ झाडावर जास्त दिवस राहिल्यामुळे किंवा चुकीच्या थंडीत साठवल्यामुळे उद्भवतो. असे दाणे खाण्यात मजा नसते, पण ते वेगळे काढून शेजारच्या कप्प्यांतील चांगले दाणे वापरता येतात.

अख्खे डाळिंब किती दिवस टिकते आणि कोठे ठेवावे?

थंड, सावलीच्या आणि हवेशीर जागी ते एक ते दोन आठवडे सहज राहते. फ्रिजमध्ये ते महिनाभर, कधी दोन महिनेही टिकते. व्यापारी साठवणुकीत सुमारे ५ ते ७ अंश सेल्सिअस तापमान आणि ९० ते ९५ टक्के आर्द्रता राखली जाते, कारण त्याहून अधिक थंडी या फळाला मानवत नाही. ५ अंशांखाली बराच काळ ठेवलेल्या डाळिंबाची साल तपकिरी पडते, आतील पांढरे पडदे काळवंडतात आणि दाण्यांचा रंग उतरतो. गंमत अशी, की हा बिघाड अनेकदा फळ बाहेर काढून उबेला आल्यावरच नजरेस येतो. म्हणून घरच्या फ्रिजमध्ये डाळिंब वरच्या, अतिथंड कप्प्यात न ठेवता खालच्या भाजीच्या खणात ठेवावे. ठेवण्यापूर्वी धुऊ नये. मुकुटात साचलेले पाणी बुरशीला आमंत्रण देते.

साल वाळून कडक झाली म्हणजे फळ खराब झाले का?

सहसा नाही. डाळिंबाची साल जाड असली तरी तिच्यातून पाणी सतत उडत असते, आणि ते आधी सालीतले उडते, दाण्यांतले नंतर. त्यामुळे सुरकुतलेल्या, लाकडासारख्या टणक आणि निस्तेज सालीच्या आत ताजे, रसरशीत दाणे निघाल्याचे अनेकदा दिसते. अशी साल कापताना सुरी निसटते, तेव्हा हात सांभाळावा. साल मऊ पडून ओलसर झाली असेल, तर मात्र ते नासण्याचेच लक्षण होय.

दाणे न फुटू देता डाळिंब सोलण्याची सर्वांत चांगली पद्धत कोणती?

फळ मधोमध आडवे चिरणे ही सर्वांत वाईट पद्धत, कारण त्या एका कापात सुरीखाली आलेला प्रत्येक दाणा फुटतो आणि रस ओट्यावर जातो. डाळिंबाची अंतर्रचना समजली की सुरी दाण्यांना लावावीच लागत नाही. आत पातळ पडद्यांनी विभागलेले कप्पे असतात, मुकुटाकडच्या भागात बहुधा पाच ते सात आणि देठाकडच्या भागात दोन-तीन, आणि हे पडदे सालीला जेथे चिकटतात त्या रेषांवर फळ आपोआप उकलते.

आधी फळ वाहत्या पाण्याखाली चोळून धुवावे. मग मुकुटाभोवती सुमारे एक सेंटिमीटर अंतर सोडून सुरीचे टोक तिरके, केवळ सालीच्या जाडीइतके आत घालून गोल फिरवावे आणि ती चकती झाकणासारखी उचलावी. खाली पिवळट पांढऱ्या गराच्या रेषा मध्यापासून चाकाच्या आऱ्यांसारख्या बाहेर गेलेल्या दिसतील. त्या प्रत्येक रेषेच्या टोकापासून देठापर्यंत सालीवर उभी, उथळ चीर द्यावी. बाहेरचे कंगोरे याच कामी येतात. चीर खोल गेली की सुरीच्या पात्यावर लाल थेंब येतो, तीच हात हलका करण्याची सूचना समजावी. शेवटी दोन्ही अंगठे वरच्या खळग्यात घालून बाहेरच्या बाजूस हळूच दाब द्यावा. हलका करकर आवाज होऊन फळ कमळासारखे पाकळ्यापाकळ्यांनी उघडते, आणि दाणे आपापल्या पाकळीवर रांगेत बसलेले राहतात. पुढे पडदा सोलून अंगठ्याने दाणे ढकलले, की ते झुपक्यांनी सुटतात.

पाण्यात सोलावे की चमच्याने ठोकून दाणे पाडावेत?

दोन्ही पद्धती चालतात. पाकळ्या पाण्याने भरलेल्या भांड्यात बुडवून दाणे सोडवले, तर दाणे तळाशी जातात, पडद्याचे तुकडे वर तरंगतात आणि कपड्यांवर एकही शिंतोडा उडत नाही. मात्र फुटलेल्या दाण्यांचा रस पाण्यात जातो, आणि लगेच न निथळल्यास दाण्यांची चवही थोडी पाणचट होते. अर्धे फळ तळहातावर उपडे धरून पाठीवर जड चमच्याने ठोकण्याची रीत जलद आहे, पण तिच्यात पडदे दाण्यांबरोबर पडतात आणि नंतर निवडत बसावे लागते. पाहुण्यांपुढे ठेवायचे दाणे पाण्यात आणि रसासाठीचे दाणे ठोकून काढावेत, अशी माझी विभागणी आहे.

डाळिंबाचे डाग कसे काढावेत, आणि सुरी काळी का पडते?

सालीत टॅनिन या तुरट द्रव्याचे प्रमाण भरपूर असते. टॅनिन आणि लोह यांचा संयोग झाला की काळा रंग तयार होतो. जुन्या काळी शाई याच तत्त्वावर बनवत. म्हणून साध्या लोखंडी पात्याने कापल्यास पाते, बोटे आणि दाण्यांच्या कडा काळपट होतात. स्टेनलेस स्टीलची सुरी वापरल्यास हा प्रश्न राहत नाही. लाकडी पाटावर डाळिंब कापू नये, कारण सच्छिद्र लाकडात मुरलेला डाग निघत नाही.

कपड्यावर रस सांडल्यास न चोळता टिपून घ्यावा आणि कापडाच्या मागच्या बाजूने थंड पाण्याची धार सोडावी. त्यानंतर लिंबाचा रस किंवा व्हिनेगर लावून काही मिनिटे थांबावे व मग नेहमीप्रमाणे धुवावे. डाग दिसताक्षणी साबण घासू नये. अँथोसायनिन आम्लात लाल राहते, तर साबणाच्या क्षारात निळसर करडे होते, आणि तो करडा डाग मूळ लाल डागापेक्षा चिवट ठरतो.

दाण्यातील बी चावून खावी, गिळावी की थुंकावी?

चावून खावी. दाणा म्हणजे रसाळ आवरण असलेले बीज असल्याने बी टाकली की त्यातील तंतूंचा बहुतेक भागही टाकला जातो. बियांत प्युनिसिक आम्ल हे वैशिष्ट्यपूर्ण मेदाम्ल असलेले तेलही असते. काही वाणांची बी इतकी मऊ असते की तिचे अस्तित्व जाणवत नाही, तर काहींची लाकडासारखी कडक असते. दात कमकुवत असल्यास मऊ बियांचे वाण निवडावेत किंवा रस काढून घ्यावा. एखाद-दोन बिया न चावता गिळल्या गेल्या तर काही बिघडत नाही. ज्यांच्या आतड्याचा भाग अरुंद झालेला आहे किंवा ज्यांची नुकतीच पोटाची शस्त्रक्रिया झालेली आहे, त्यांनी मात्र डॉक्टरांना विचारून मगच बियांसह दाणे खावेत.

दाण्यांभोवतीचे पांढरे पडदे खाल्ले तर चालतात का?

विषारी नसतात, पण तुरट आणि कडू असतात. त्यांचे तुकडे चुकून खाल्ले गेल्यास काळजीचे कारण नाही. मुद्दाम खाण्यासारखे त्यांत काही नाही. साल आणि पडदे यांत प्युनिकॅलाजिनसारखी संयुगे विपुल असतात म्हणून साल उकळून पिण्याचा सल्ला दिला जातो; ती तुरट द्रव्ये फार झाल्यास मळमळ आणि पोटदुखी होऊ शकते. झाडाच्या मुळांची व खोडाची साल तर मुळीच पोटात घेऊ नये, कारण तिच्यात पेलेटिएरिन हे विषारी अल्कलॉइड असते.

सोललेले दाणे किती दिवस ठेवता येतात? तयार दाण्यांचे डबे घ्यावेत का?

दाणे कोरडे निथळून झाकणाच्या डब्यात फ्रिजमध्ये ठेवल्यास तीन ते पाच दिवस चांगले राहतात. डब्याच्या तळाशी कागदी रुमालाची घडी घातली, तर फुटलेल्या दाण्याचा रस ती शोषून घेते आणि बाकीचे दाणे चिकट होत नाहीत. अधिक काळ ठेवायचे असल्यास ते ताटात एकेरी थरात पसरून आधी गोठवावेत आणि मग पिशवीत भरावेत, म्हणजे त्यांचा गोळा होत नाही. गोठलेले दाणे काही महिने टिकतात, मात्र बाहेर काढल्यावर मऊ पडतात, म्हणून ते रसासाठी किंवा दह्यात मिसळण्यासाठीच योग्य.

तयार डबा घेताना त्याच्या तळाशी रस साचलेला नाही, डबा फुगलेला नाही आणि तो खरोखर थंड जागी ठेवलेला आहे, हे पाहावे. सोललेले फळ शिजवले जात नसल्यामुळे स्वच्छतेतील चूक थेट पोटात जाते. २०१३ मध्ये अमेरिकेत गोठवलेल्या फळांच्या एका मिश्रणातून हेपॅटायटिस ए पसरला होता, आणि तपासाअंती त्याचा माग तुर्कस्तानातून आलेल्या डाळिंबाच्या दाण्यांपर्यंत पोहोचला. गोठवल्याने हा विषाणू मरत नाही. शक्य असेल तेव्हा अख्खे फळ आणून ते घरी सोलणे मला अधिक पसंत आहे.

रस घरी काढला तर कडू का होतो?

मिक्सर सलग फिरवल्याने बिया भरडल्या जातात आणि त्यांचा तुरटपणा रसात उतरतो. एक-दोन सेकंदांचे दोन-तीन झटके देऊन, दाणे फुटताच यंत्र थांबवून गाळून घ्यावे. अर्धे फळ सालीसकट दाबयंत्रात पिळल्यास सालीतील टॅनिनही रसात येते. तो रस रंगाला गडद असतो, पण जिभेला आखडून टाकतो.

रस आणि दाणे समान मात्र समजू नयेत. २५० मिलिलिटरच्या एका पेल्यात ३० ग्रॅमच्या आसपास साखर असते आणि तंतू जवळजवळ नसतात.

डाळिंबाचे पोषणमूल्य किती? त्याने हिमोग्लोबिन वाढते का?

१०० ग्रॅम दाण्यांतून साधारण ८३ किलोकॅलरी ऊर्जा, १३ ते १४ ग्रॅम साखर, ४ ग्रॅम तंतू, १० मिलिग्रॅम क जीवनसत्त्व आणि सुमारे २३६ मिलिग्रॅम पोटॅशियम मिळते. ३०० ग्रॅमच्या फळातून दीडशे ग्रॅमच्या आसपास दाणे निघतात, त्यावरून हिशेब करता येतो. मधुमेही व्यक्तींनी हा साखरेचा आकडा दिवसाच्या आहारात धरावा, आणि मूत्रपिंडाच्या विकारामुळे पोटॅशियमवर बंधन असलेल्यांनी डॉक्टरांना विचारावे.

हिमोग्लोबिनविषयीची समजूत रंगावरूनच रुजली असावी. १०० ग्रॅम दाण्यांत लोह जेमतेम ०.३ मिलिग्रॅम असते, म्हणजे रक्तक्षयावर उपाय म्हणून डाळिंबावर विसंबणे चुकीचे आहे. दाण्यांचा लाल रंग अँथोसायनिनचा आहे, लोहाचा नव्हे. रक्तक्षयाचे निदान झाले असेल तर डाळिंब आवडीने खावे, पण लोहाच्या गोळ्या बंद करू नयेत.

डाळिंब औषधी आहे, या दाव्यांत कितपत तथ्य आहे? औषधे चालू असताना ते चालते का?

डाळिंबाच्या रसाने रक्तदाब थोडा कमी होत असल्याचे काही चाचण्यांत दिसले आहे. परिणाम माफक आहे. त्यापुढील दाव्यांकडे सावधपणे पाहावे. २०१३ मध्ये अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशनने डाळिंबाचा रस विकणाऱ्या एका मोठ्या कंपनीच्या जाहिरातींतील हृदयविकार आणि पुरःस्थ ग्रंथीचा (प्रोस्टेटचा) कर्करोग यांसंबंधीचे दावे पुरेशा पुराव्याअभावी दिशाभूल करणारे ठरवले होते.

औषधांबाबत सांगायचे, तर काही औषधांचे शरीरात विघटन करणाऱ्या सीवायपी३ए४ या एन्झाइमचे काम डाळिंबाच्या रसाने मंदावल्याचे प्रयोगशाळेत आढळले, पण माणसांवरील चाचण्यांत हा परिणाम तितका ठळक दिसला नाही. तरीही वॉरफरिनसारखे रक्त पातळ ठेवणारे औषध किंवा रक्तदाबाच्या गोळ्या घेणाऱ्यांनी रोज मोठ्या प्रमाणात रस सुरू करण्यापूर्वी डॉक्टरांशी बोलावे. अधूनमधून वाटीभर दाणे खाणे आणि रोज दोन पेले रस पिणे यांत फरक आहे. डाळिंबाची ॲलर्जी विरळ असली तरी आढळते; खाल्ल्यावर ओठ सुजले किंवा अंगावर गांधी उठल्या, तर ते पुन्हा खाऊ नये.

लहान मुलांना दाणे कधीपासून द्यावेत?

दाणा लहान, गुळगुळीत आणि आत कडक असल्यामुळे तो श्वासनलिकेत जाण्याचा धोका असतो. चार वर्षांखालील मुलांना अख्खे दाणे मूठभर देऊ नयेत. दाणे कुस्करून, बिया गाळून द्यावेत. मोठ्या मुलांनाही बसून, हसत-पळत नसताना खायला सांगावे.

डाळिंब रिकाम्या पोटी किंवा रात्री खाऊ नये का?

असा कोणताही नियम नाही. ज्यांना आम्लपित्ताचा त्रास आहे, त्यांना आंबट वाणाची डाळिंबे रिकाम्या पोटी बाधू शकतात. त्यांनी गोड वाणाची फळे जेवणानंतर खावीत.

दाणे इतर पदार्थांत घालायचे असल्यास केव्हा घालावेत?

अगदी शेवटी. उष्णतेने दाण्यांचा रंग विटतो आणि आवरण सैल पडून बी तेवढी दातांत येते, म्हणून शिजवलेल्या पदार्थावर ते भांडे खाली उतरवून थोडे निवल्यानंतर पसरावेत. मीठ लागलेल्या पदार्थात ते आधी मिसळल्यास मीठ त्यांतला रस ओढून घेते, तर दह्यात तासाभरापूर्वी घातल्यास फुटलेल्या दाण्यांभोवती जांभळट ओघळ पसरतात. वाढताना वरून टाकलेले दाणे मात्र पहिल्या घासापासून शेवटच्या घासापर्यंत दाताखाली तटतट फुटत राहतात.